व्यथा हवी, तक्रार नको

मुकेश कोण, हे चित्रपटगृहात जाणाऱ्या कुणाला सांगावं लागत नाही. २ ऑक्टोबर २०१२ पासून, सिनेमात तंबाखू दिसणार असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्याचा इशारा दाखवणं सक्तीचं झालं, आणि पुढचं वर्षभर तो आपल्याला भेटत राहिला. खानदेशातून परळच्या टाटा रुग्णालयात आलेला, गुटख्यापायी तोंडाचा कर्करोग झालेला पोरगा. आपण पॉपकॉर्न खात त्याला बघत होतो तेव्हा त्याला जाऊन तीन वर्षं होत आली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी तो गेला. पहिल्यांदा बघणारं थिएटर गप्प व्हायचं. दहाव्यांदा बघणारं थिएटर त्याचं वाक्य त्याच्याआधी म्हणून दाखवायचं. पुढे नकला झाल्या, मीम्स झाले.

त्या हसण्यावरून प्रेक्षकांना झोडपणं सोपं आहे, पण मला ते फारसं पटत नाही. तीच चित्रफीत वर्षभर दाखवली तर माणूस निबर होणारच. मला खटकतं ते वेगळंच. त्या जाहिरातीत मुकेश फक्त स्वतःबद्दल बोलतो. मी गुटखा खाल्ला, मला हे झालं. गुटखा बनवणारा, विकणारा, त्यावर कर घेणारा कुणीच त्यात नाही. मुकेश गेला तेव्हा महाराष्ट्रात गुटखा राजरोस विकला जात होता. २००२ ची बंदी सर्वोच्च न्यायालयात टिकली नव्हती, आणि पुढची बंदी यायला जुलै २०१२ उजाडला. जी पुडी विकायला सरकारची ना नव्हती ती एका पोराने खाल्ली. मग सरकारच्याच नियमाने तो पोरगा मेल्यानंतरही दर खेळाला आपली चूक कबूल करत राहिला. त्याची संमती होती, याबद्दल मला शंका नाही. पण संमती असली की सगळं बरोबर झालं, असं मला वाटत नाही.

आपल्याकडे पीडितांच्या, बऱ्या झालेल्या रुग्णांच्या, संकटातून वाचलेल्या माणसांच्या कहाण्या मोहिमांत वापराव्यात का, अशी चर्चा निघाली की ती दोन गोष्टींशी येऊन थांबते. संमतिपत्रावर सही घेतली का, आणि चेहरा झाकला का. दोन्ही हवंच. पण मी ज्या धंद्यात आहे तिथून दिसतं ते असं, की सही आणि चेहरा हा या प्रकरणाचा सोपा भाग आहे. अवघड भाग एडिटिंगच्या टेबलावर असतो. तिथे माणसाची व्यथा ठेवतात आणि तक्रार कापतात.

मी अशा फिल्म्सचा मराठी मजकूर लिहितो. निवेदन, सबटायटल्स, पोस्टरवरची ओळ, पडेल ते. एकदा अंधेरीच्या एका स्टुडिओत गोवंडीच्या एका बाईंचं चित्रीकरण बघत होतो, क्षयरोगातून बऱ्या झालेल्या. कॅमेऱ्यासमोर बसून बाई सविस्तर बोलल्या होत्या. नाक्यावरच्या डॉक्टरने कित्येक महिने खोकल्याच्या बाटल्याच दिल्या. मग 'एमडीआर निघाला', म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय. रोज सुई. सुया सुरू असताना कानात शिट्टी वाजायला लागली. सांगितलं तर 'होतं असं' म्हणाले. आता डाव्या बाजूने कुणी हाक मारली तर कळत नाही. घरातली खोली अशी की दुपारी बारालाही ट्यूब लावावी लागते, कारण समोरची इमारत हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. नवऱ्याने पहिले दोन महिने माहेरी पाठवलं, त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज चढला. रडल्या त्या फक्त एकदा, मुलीला जवळ घेता यायचं नाही हे सांगताना.

फिल्म झाली पाऊण मिनिटाची. तिच्यात राहिलं ते मुलीला जवळ घेता न येणं, डोळ्यांतलं पाणी, मग पोळ्या लाटतानाचं हसू आणि 'औषध अर्धवट सोडू नका' हे वाक्य. मागे बासरी. (आजारातून उठलेल्या गरीब माणसामागे बासरीच का वाजते, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.) नाक्यावरचा डॉक्टर गेला, कान गेला, खोली गेली. पैसे देणाऱ्यांकडून आलेली सूचना एका ओळीची होती, 'थोडं पॉझिटिव्ह ठेवूया.'

यात कुणी दुष्ट नव्हतं. सूचना देणारी मुलगी तळमळीने काम करणारी होती आणि तिचा युक्तिवाद हलक्यात घेण्यासारखा नाही. सुईने कान जातो असं फिल्ममध्ये आलं तर घाबरून दहाजण उपचार सोडतील, त्याचं पाप कुणाच्या माथी? सार्वजनिक आरोग्यात हा प्रश्न खरा आहे. अर्धवट उपचारांतूनही औषधाला न जुमानणारा क्षय पोसला जातो.

पण मग त्या सुया गेल्या कशा, हेही बघायला हवं. आज एमडीआरच्या उपचारात तोंडावाटे घ्यायच्या औषधांवर भर आहे. त्यामागे संशोधन आहे, तसे बहिरे झालेले रुग्णही आहेत, ज्यांनी 'होतं असं' हे उत्तर ऐकून घेतलं नाही. या औषधांतलं महत्त्वाचं औषध बेडाक्विलिन. त्याच्या पेटंटची मुदत वाढवून घेण्याच्या कंपनीच्या अर्जाला २०१९ मध्ये दोन रुग्णांनी हरकत घेतली. दोघीही क्षयातून वाचलेल्या, उपचारांत दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. एक दक्षिण आफ्रिकेतली, दुसरी आपल्या मुंबईची पत्रकार. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि इतर उत्पादकांना वाट मोकळी झाली. त्या दोघींची कहाणीही व्यथेचीच आहे, पण ती एका हरकतीला जोडून आली. कान गेल्याचा भाग कापला असता तर त्या हरकतीमागचं कारणच दिसलं नसतं.

आणि रुग्णाने औषध सोडू नये हे ठीक, पण औषधाने रुग्णाला सोडलं तर? २०२४ च्या सुरुवातीला क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांचाच तुटवडा पडला, आणि मार्चमध्ये केंद्राला राज्यांना सांगावं लागलं की तुम्हीच स्थानिक खरेदी करा. त्या काळात औषध केंद्रावरून रिकाम्या हाताने परतणाऱ्यांच्या पाठीमागे भिंतीवर पोस्टर तेच होतं, बरा झालेला हसरा चेहरा आणि 'अर्धवट सोडू नका'. गोवंडीच्या खोलीचंही तसंच. नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत इमारतींची दाटी, उजेड-वाऱ्याचा अभाव आणि क्षय यांचा संबंध अभ्यासकांनी दाखवून दिलेला आहे. त्या बाईंनी तोच निष्कर्ष कुठलाही अभ्यास न वाचता सांगितला होता. फिल्ममध्ये मात्र त्या आजाराच्या तज्ज्ञ म्हणून आल्या नाहीत, नमुना म्हणून आल्या.

मुकेशनंतर तंबाखूविरोधी मोहिमेत सुनीता आली. मध्य प्रदेशातली, उपचार टाटामध्येच. तिची जाहिरातही व्यथेचीच होती. पण २०१५ च्या मार्चमध्ये एक वेगळी गोष्ट घडली. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रमय इशारा १ एप्रिलपासून येणार होता, तो लांबणीवर टाकण्याच्या हालचाली सुरू झाल्या. तंबाखूने कर्करोग होतो असा भारतीय अभ्यासच नाही, असं म्हणणारे संसदीय समितीचे अध्यक्ष आपल्याच अहमदनगरचे खासदार होते. सुनीताने थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं. जाहिरातीतली बाई अचानक नागरिक झाली. १ एप्रिल २०१५ ला, ज्या दिवशी नवे इशारे यायचे होते त्याच दिवशी, ती गेली. इशारे आले बरोबर एका वर्षाने. आता कुणाला विचारलं तर सुनीताचा चेहरा आठवतो, पत्र आठवत नाही. ते पत्र सरकारी जाहिरातीत कधीच येणार नव्हतं, हे तर उघडच आहे.

लैंगिक अत्याचारांच्या बाबतीत कायदा कडक आहे, आणि तो कुठून आला हे महाराष्ट्राने विसरू नये. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिलं. देशभर आंदोलन पेटलं, मुंबईत महिलांचा मंच उभा राहिला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरवणारं कलमही त्याच दुरुस्तीतलं. हे सगळं ज्या प्रकरणामुळे झालं ते आजही त्या मुलीच्या नावानेच ओळखलं जातं. तिच्या पदरात न्याय पडला नाही, पुढच्या सगळ्यांच्या पदरात कायदा पडला. हा हिशेब चळवळीने तिला विचारून मांडला होता का, असा प्रश्न मी करतो तेव्हा चळवळीतल्या जुन्या बायका चिडतात. त्यांचं चिडणं मला समजतं. तेव्हा नाव घेतलं नसतं तर प्रकरण फायलीतच मेलं असतं.

डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की नावच नव्हे, ज्यावरून ओळख पटेल असं काहीही छापायचं, दाखवायचं नाही. हा 'काहीही' मुंबईत फार मोठा असतो. पाठमोरी बसवलेली बाई चाळीला आवाजावरून कळते, ओट्याच्या फरशीवरून कळते, खिडकीत वाळत घातलेल्या गाऊनवरूनही कळते. दिल्लीत बसलेल्या प्रेक्षकाला ती अनोळखी, पण तिला भीती दिल्लीची नसतेच. तिला भीती दुसऱ्या मजल्याची.

याउलट स्वतःहून पुढे येणाऱ्यांचं काय? १९८३ मध्येच सोहेला अब्दुलाली यांनी 'मानुषी' मासिकात स्वतःच्या नावाने, फोटोसह लिहिलं. १९८० मध्ये, सतरा वर्षांच्या असताना, चेंबूरला त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला होता. त्यांच्या लेखात तक्रार शाबूत होती, पोलिसांबद्दलची, लोकांच्या नजरेबद्दलची, कारण कात्री त्यांच्याच हातात होती. तीस वर्षांनी, दिल्लीच्या घटनेनंतर, तो जुना लेख कुणीतरी इंटरनेटवर टाकला आणि तो वणव्यासारखा पसरला. तेव्हाही त्यांनी स्वतः लेखणी उचलून उत्तर दिलं. ज्याला लिहिता येतं, ज्याच्या पाठीशी घरचे उभे राहतात, त्याला हे जमतं. मराठीत दलित आत्मकथनांनी हेच केलं. वाचक रडले, पुरस्कारही दिले, पण पानापानावरचा आरोप कुणाला गाळता आला नाही. गोवंडीच्या बाईंकडे लेखणी नाही, माझ्यासारखा भाडोत्री लेखक आहे. म्हणून तर नियम हवेत.

बोलूच न शकणाऱ्या माणसाची कहाणी कुणाची, हा प्रश्न याच शहराने सगळ्यात तीव्रपणे पाहिला. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला आणि त्या जवळपास ४२ वर्षं त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिल्या. त्यांच्या नावाने दयामरणाची याचिका झाली ती एका लेखिकेकडून, निष्ठेने आणि कळकळीने. केईएमच्या परिचारिकांनी ठाम विरोध केला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालय म्हणालं की अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क, इतकी वर्षं ज्यांनी तिला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, त्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. त्याच निकालाने देशात परोक्ष दयामरणाची, म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देण्याची, वाट उघडली, म्हणजे अरुणाच्या कहाणीने देशाला हवं ते मिळवून दिलं. दयामरणाबद्दल माझं मत याचिका करणाऱ्यांच्या जवळचं आहे. पण कहाणी सांगण्याचा अधिकार कुणाचा, यावर न्यायालयाचं म्हणणं मला मान्य आहे. तो ज्याने कहाणी शोधली त्याचा नाही, जो रोज सोबत राहतो त्याचा.

आता पैशाबद्दल बोलू, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. जनजागृतीच्या कार्यक्रमात मंडपवाल्याला पैसे मिळतात, साउंडवाल्याला मिळतात, सूत्रसंचालिकेला मिळतात, चहावाल्याला मिळतात. मला मिळतात. ज्याच्या कहाणीसाठी सगळे जमले त्याला शाल, श्रीफळ आणि 'थोडक्यात सांगा' मिळतं. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला मानधन का नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. पैसे दिले तर लोक म्हणतील पैसे घेऊन बोलते. आणि गरिबाला पैसे दाखवून होकार मिळवणं हे तर अनैतिकच. पहिलं म्हणणं निव्वळ ढोंग आहे. वक्ते मानधन घेतात म्हणून त्यांची भाषणं खोटी ठरत नाहीत. दुसऱ्यात तथ्य आहे. त्यावर उपाय एवढाच की पैसे वेळेचे द्यायचे, परवानगीचे नाहीत. बोलून झाल्यावर 'हे वापरू नका' म्हणाली तरी पाकीट तिचंच.

२६ नोव्हेंबर २००८ ला सीएसएमटीवर पायात गोळी लागलेली, पुढे न्यायालयात कसाबला ओळखणारी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. दर नोव्हेंबरात ती कुठल्या ना कुठल्या पडद्यावर किंवा व्यासपीठावर असते. घर देऊ म्हणून सांगितलं होतं, त्यासाठी मात्र तिला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. कहाणी घ्यायला सगळे तिच्या दारी गेले, घराच्या अर्जासाठी तिलाच दारोदार जावं लागलं. व्यासपीठावर तिला हल्ल्याच्या रात्रीबद्दल विचारतात. अर्जाचं काय झालं हे विचारणं औचित्याला धरून नसावं.

माझ्या मते कुठल्याही मोहिमेने कॅमेरा लावण्याआधी कबूल कराव्यात अशा काही गोष्टी आहेत आणि त्या महागड्या नाहीत. फिल्म बाहेर जाण्याआधी त्या माणसाने बघायची, घरी, त्याच्या सोयीने, आणि त्याने सांगितलेलं किमान एक वाक्य असं, ज्याला पैसे देणाऱ्याने हात लावायचा नाही. नाक्यावरच्या डॉक्टरचं वाक्य बाईंना हवं असेल तर ते राहील. डॉक्टरचं नाव काढा, वाक्य ठेवा. शिवाय संमतीला मुदत हवी. आज पंचविशीत दिलेला होकार उद्या मुलीचं लग्न ठरताना गळ्याशी येऊ शकतो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं असावं, हे तत्त्व आलंच आहे. एचआयव्हीबाधितांची माहिती त्यांच्या लेखी संमतीशिवाय उघड करायची नाही, हे २०१७ च्या कायद्याने सांगितलेलं आहे. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायचा नाही, हेही त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्यात आहे. पण मागे घ्यायची म्हणजे कुणाला फोन करायचा? संमतिपत्राच्या खाली एका जिवंत माणसाचं नाव आणि नंबर हवा, इंग्रजीत छापलेला ईमेल नको.

मुलांच्या बाबतीत मी याहून कडक आहे. लहान मुलाची खरी कहाणी, खऱ्या चेहऱ्याने, कुठल्याही मोहिमेत नको, आईबापांची सही असली तरी. उपचारांसाठी पैसे गोळा करणाऱ्या जाहिराती रोज मोबाइलवर येतात, नळ्या लावलेलं बाळ, शेजारी रडणारी आई. मुंबईतच मुख्यालय असलेल्या जाहिरात मानक परिषदेने धर्मादाय कामांच्या जाहिरातींसाठी सांगितलेलं आहे की पीडितांची, विशेषतः मुलांची, प्रतिष्ठा घालवणारी दृश्यं विनाकारण दाखवू नका, आणि फोटो प्रातिनिधिक असेल तर तसं म्हणा. या जाहिराती बघून ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. ज्या आईला आज रात्री आयसीयूचं बिल भरायचंय तिने प्रतिष्ठेचा विचार करावा असं मी म्हणणार नाही. तिच्यावर ही वेळ यावी हीच मूळ तक्रार आहे, आणि जाहिरातीत नेमकी तीच नसते.

माझ्या ओळखीचे संस्थावाले म्हणतात, अशाने फिल्मच होणार नाहीत. काही नाही होणार. चालेल. जिथे खरा माणूस मिळत नाही तिथे कलाकार घ्यावा आणि कोपऱ्यात 'कलाकार' असं लिहावं. मुंबईत कलाकारांची वाण नाही. हल्ली एआयने बनवलेला पीडित चेहरा वापरायची टूम निघाली आहे. त्यात संमतीचा प्रश्न मिटतो खरा, पण तो चेहरा कधीच पत्र लिहिणार नाही, हरकत घेणार नाही, डावा कान पुढे करून 'हे कुणी केलं' असं विचारणार नाही. काही जणांना तो त्यासाठीच आवडत असावा.

दर वर्षी २४ मार्चच्या क्षयरोग दिनाआधी महापालिका असो, राज्य असो, फिल्म आणि पोस्टरांच्या निविदा निघतात. कालावधी किती सेकंद, भाषा कोणत्या, लोगो कुठे, सगळं त्यात असतं. बोलणाऱ्याचं मानधन, फिल्म आधी बघण्याचा त्याचा हक्क आणि त्याने निवडलेलं एक वाक्य, या तीन अटी त्यात घालायला नवा कायदा लागत नाही, अधिकाऱ्याची एक सही पुरते. पहिल्या वर्षी त्या वाक्यांमध्ये बहुधा औषधांचा तुटवडाच येईल.